बँकॉकच्या गल्लीत दुपारचं जेवण: दुकान कसं निवडायचं, काय मागायचं, काय नको म्हणायचं

थायलंडला जाऊन आलेल्या मराठी मंडळींना दुपारी काय जेवलात असं विचारलं, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. टूरवाल्यांनी इंडियन रेस्टॉरंटमध्ये नेलं. पनीर, डाळ, जिरा राइस. त्यात गैर काही नाही. पण त्याच वेळी हॉटेलच्या मागच्या गल्लीत बँकेतले कर्मचारी, नर्सेस आणि मोटारसायकल टॅक्सीवाले स्टीलच्या टेबलाशी बसून ५०-६० बाटमध्ये ताजं, गरम जेवत असतात. आपण तिथे जात नाही, कारण आत शिरून बोलायचं काय आणि ताटात नेमकं येणार काय, याचा अंदाज नसतो. चवीचा प्रश्न फार नंतरचा.

हा लेख त्या गल्लीतल्या जेवणाबद्दल आहे. बँकॉक डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, पण थोड्याफार फरकाने चियांग माई किंवा फुकेतलाही हे चालेल. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. आपल्याकडे आधी हॉटेलात शिरतात आणि मग मेनूकार्ड बघून काय खायचं ते ठरवतात. इथली छोटी दुकानं एकेका प्रकारात मुरलेली असतात, त्यामुळे दुकान निवडलंत की निम्मं जेवण निवडून झालं. नूडल्सच्या दुकानात शिरून शाकाहारी काय आहे असं विचारण्यात दोघांचाही वेळ जातो.

वेळ आधी सांभाळा

ऑफिसांची जेवणाची सुट्टी बाराला होते आणि बारा ते एक या तासात सिलोम, साथॉर्न, असोक अशा भागांत बसायला जागा मिळत नाही. सव्वाअकराच्या सुमारास पोहोचलात तर ट्रे भरलेले असतात, विक्रेत्याला तुमच्या खाणाखुणा समजून घ्यायला सवड असते आणि पंखाही तुमच्या वाट्याला येतो. आपल्या सवयीने दोन-अडीचला गेलात तर तळाशी उरलेला रस्सा मिळेल, किंवा खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवलेल्या दिसतील. ही दुकानं पहाटेपासून चालू असतात आणि माल संपला की बंद होतात.

दुकान ओळखायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे ‘खाव कॅंग’. खाव म्हणजे भात, कॅंग म्हणजे रस्सा. दर्शनी काचेमागे किंवा उघड्यावर दहा-वीस ट्रे आणि पातेली मांडलेली असतात. भाषा येत नसेल तर हेच दुकान गाठा, कारण इथे बोट दाखवून काम होतं. ताटात भात वाढतात आणि तुम्ही दाखवाल ते त्यावर घालतात. एक पदार्थ घेतला तर साधारण ४० ते ५० बाट, दोन घेतले तर ५० ते ७०. पदार्थ वेगळ्या वाटीत मागितला तर थोडे जास्त पडतात. हे जेवण गरमागरम नसतं. रस्सा कोमट आणि भात गरम, अशीच इथली रीत आहे. तक्रार करू नका, कोणाला कळणार नाही की तक्रार कशाबद्दल आहे.

ट्रेमध्ये नारळाच्या दुधातली हिरवी करी (कॅंग खियाव वान), दाटसर फनेंग, नारळ नसलेलं आंबट-तिखट कॅंग सॉम, गोडसर मसाल्यात शिजवलेली अख्खी अंडी, लसूण-मिरचीवर परतलेली फक बुंग ही पालेभाजी, ऑम्लेट, असं काय काय असतं. फक बुंग म्हणजे आपल्याकडे कोकणात कुठे कुठे मिळणारी नाळीची भाजी. दक्षिण थायलंडच्या पद्धतीचं दुकान असेल तर हळदीने पिवळेजर्द झालेले पदार्थ दिसतील. रंग ओळखीचा म्हणून फसू नका, थायलंडमधलं सर्वांत तिखट जेवण तेच.

दुसरा प्रकार ‘आहान ताम संग’, म्हणजे सांगाल तसं करून देणारं दुकान. एक कढई, भडकलेला गॅस, समोर चिरलेल्या भाज्यांची आणि मांसाची परात. इथे फत कफ्राव, खाव फत (परतलेला भात) आणि तळलेलं अंडं अशा गोष्टी तीन-चार मिनिटांत होतात. फत कफ्राव हे ऑफिसवाल्यांचं रोजचं खाणं. काय खायचं ते सुचत नसेल तर थाई माणूसही तेच मागवतो. खिमा, लसूण, मिरच्या आणि वरून मूठभर कफ्रावची पानं. ही पानं म्हणजे तुळस. आपली, वृंदावनातली. डुकराच्या खिम्यात तुळस बघून काही जणांच्या पोटात गोळा येतो, तेव्हा बरोबरच्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. हिरव्या करीत असते ती बडीशेपेच्या वासाची वेगळी तुळस. तिला होरफा म्हणतात.

तिसरं नूडल्सचं दुकान, कुएतियाव. इथे दोन निर्णय घ्यायचे असतात. नूडल्स कुठल्या: बारीक चपट्या (सेन लेक), रुंद (सेन याय) की अंड्याच्या पिवळ्या (बमी)? आणि रस्सा हवा (नाम) की कोरड्या (हॅंग)? रस्सा डुकराच्या, कोंबडीच्या किंवा बैलाच्या हाडांचा असतो, म्हणून शाकाहारी मंडळींनी या दुकानावरून सरळ पुढे जावं. नुसत्या भाज्या घाला म्हटलं तरी खालचं पाणी तेच राहतं.

चौथं इसान, म्हणजे ईशान्य थायलंडकडचं. बाहेर कोळशावर कोंबडी भाजत असते आणि मोठ्या उखळात ठकठक आवाज चालू असतो. कच्च्या पपईचं सॉम तम, भाजलेली कोंबडी (काय यांग) आणि बांबूच्या टोपलीतला चिकट भात (खाव नियाव). हा भात हातानेच खायचा. छोटा गोळा वळून रसात टेकवायचा. हाताने जेवायची सवय असलेल्यांना हे दुकान लगेच आपलंसं वाटतं.

मुस्लिम मालकांची दुकानंही बरीच आहेत. पाटीवर हिरवा रंग आणि चंद्रकोर असते. डुक्कर टाळणाऱ्यांना तिथे निर्धास्त जेवता येतं. खाव मॉक काय मागा: हळदीचा पिवळा भात, कोंबडी, वर तळलेला कांदा आणि बाजूला आंबट-गोड हिरवी चटणी. बिर्याणीची लांबची बहीण, जरा सौम्य.

आणि फत थाय, म्हणजे परतलेल्या नूडल्सचं पॅड थाई? प्रवाशांना तेच हवं असतं, पण या दुपारच्या दुकानांत ते बहुधा नसतं. त्याची स्वतंत्र दुकानं असतात, कितीतरी संध्याकाळी उघडणारी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने राष्ट्रबांधणीच्या नावाखाली नूडल्स खाण्याचा प्रचार केला, आणि हा पदार्थ तेव्हा देशभर पोहोचला.

यातलं काहीच झेपत नसेल, तर पहिल्या दिवशी मॉलमधलं फूड कोर्ट गाठा. असोक स्टेशनला लागून असलेल्या टर्मिनल २१ मॉलमधलं ‘पिअर २१’ स्वस्ताईसाठी प्रसिद्ध आहे. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, हव्या त्या स्टॉलवर दाखवायचं आणि उरलेले पैसे परत घ्यायचे. पदार्थांचे फोटो असतात, एसी असतो. सरावासाठी उत्तम जागा, पण तिथेच अडकून राहू नका.

दुकान चांगलं की नाही हे ओळखायला मी पाट्यांवर फार विसंबत नाही. जुन्या दुकानांवर ‘शेल छुअन छिम’ची खूण दिसते. खाद्यसमीक्षक थनदश्री स्वस्तिवत यांनी १९६१ साली चांगली खाणावळ ओळखू यावी म्हणून ही शिफारस सुरू केली होती. ती एकेकाळच्या चवीचा दाखला समजा; आजची स्वच्छता तिच्यावरून ठरवू नका. त्यापेक्षा साडेअकराला रांगेत गणवेशातले लोक किती आहेत ते बघा.

शाकाहारी असाल तर

इथे थोडं थांबून वाचा, कारण घोळ होतो तो इथेच.

थाई स्वयंपाकात मासळी मिठासारखी वावरते. नाम प्ला हे मासळीचं खारट पाणी जवळजवळ सगळ्यात असतं. परतलेल्या भाजीत नाम मन हॉय, म्हणजे कालवांचं सॉस असतं. लाल आणि हिरव्या करीच्या वाटणात कपि, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. सॉम तममध्ये सुकट असते, आणि इसान पद्धतीच्या सॉम तममध्ये प्ला रा हे उग्र वासाचं आंबवलेल्या माशाचं पाणीही. त्यामुळे ताटात मांसाचा एकही तुकडा दिसत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

‘व्हेज’ हा शब्द वापरू नका. विक्रेता मान डोलावेल आणि भाजी घातलेलं काहीतरी आणून ठेवेल. त्याच्या बाजूने तो बरोबरच असतो. तसंच ‘माय साय नुआ’ (मांस घालू नका) एवढंच म्हटलंत तर आणखी पंचाईत. रोजच्या बोलण्यात नुआ म्हणजे गोमांस. ते न घालता विक्रेता आनंदाने डुकराचा खिमा घालेल. सगळंच मांस नको असेल तर ‘माय साय नुआ सत’ असं पूर्ण म्हणा. उलट ज्यांना फक्त गोमांस वर्ज्य आहे त्यांचं काम सोपं आहे: ‘माय किन नुआ’. कोणी भुवया उंचावणार नाही, कारण क्वान इम देवीला मानणारे कितीतरी थाई-चिनी लोकही गोमांस खात नाहीत.

शाकाहाऱ्यांसाठी खरा परवलीचा शब्द आहे ‘चे’. इंग्रजीत तो जे किंवा जय असा लिहितात, पण उच्चार चहातल्या च-सारखा. पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात थाई अक्षरं असतात आणि ती इंग्रजी अंकांतल्या सतरासारखी दिसतात. ते चिन्ह डोळ्यांत साठवा. चे म्हणजे मांस नाही, मासळीचं पाणी नाही, अंडं नाही, दूध नाही. एवढंच नाही तर कांदा, लसूण आणि त्या कुळातल्या पातीही नाहीत. घरात कांदा-लसूण न खाणारं कोणी असेल तर त्यांच्यासाठी थायलंडमध्ये याहून खात्रीची जागा नाही. जैन मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं की बटाटा, मुळा, गाजर चेमध्ये चालतात. ते वेगळं विचारावंच लागेल.

चेची दुकानं खाव कॅंगसारखीच असतात: ट्रे, बोट दाखवणं, भातावर वाढणं. टोफू, मश्रूम, सोया किंवा गव्हाच्या प्रथिनापासून केलेलं नकली मांस. नकली बदक इतकं हुबेहूब असतं की काही जणांना ते घशाखाली उतरत नाही. त्यांनी टोफू-मश्रूमकडे बोट दाखवावं. यावरात या चिनी वस्तीत आणि जुन्या बाजारांच्या कडेला ही दुकानं हमखास सापडतात. ती लवकर उघडतात आणि बरीचशी दुपारीच बंद होतात.

वर्षातले नऊ दिवस मात्र शोधावं लागत नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या सुरुवातीला चेचा उत्सव असतो. फुकेतचा सगळ्यात गाजलेला, पण बँकॉकमध्येही गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात आणि एरवी मांस विकणारी दुकानंही चे होतात. बहुतेक वर्षी हे दिवस आपल्या शारदीय नवरात्रावरच येतात. अधिक मासामुळे कधी महिनाभर मागेपुढे होतं. २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरलाच सुरू झाले होते. नवरात्रात जाणार असाल तर सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मन देवळात उत्सव बघता येतो आणि जेवणाचीही चिंता नाही.

चेचं दुकान सापडलं नाही, तर ताम संगवाल्याकडे जा आणि एकेक गोष्ट नको म्हणून सांगा. टोफू, भाज्या घालून कफ्राव: ‘फत कफ्राव तावहू’. मग ‘माय साय नाम प्ला, माय साय नाम मन हॉय’, आणि त्याऐवजी सोया सॉस घाला, ‘साय सी-इव’. हे सगळं थाई लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. आवाज आणि धुरात ऐकू जात नाही. कढई मात्र तीच असते. आधीच्या गिऱ्हाइकाचं डुक्कर निघालं की पाण्याचा एक हबका मारून त्यातच तुमचा टोफू पडतो. हे चालत नसेल तर चेच्या दुकानाला पर्याय नाही. अंडं चालणाऱ्यांनी ‘मंसविरत’ म्हणावं. त्यात अंडं-दूध बसतं आणि कांदा-लसणाचं बंधन नसतं.

शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर तोंडी सांगण्यावर मुळीच भागवू नका. तेही थाईत लिहून न्या, आणि सॉम तम टाळाच. एकाच उखळात दिवसभर सगळं कुटलं जातं.

मागायचं कसं

मेजाशी बसून हात वर करण्यापेक्षा ट्रेपाशी किंवा कढईपाशी जाऊन सांगणं सरळ. हाक मारताना नाती वापरतात. आपल्यापेक्षा थोडी मोठी दिसणारी व्यक्ती ‘फी’ (दादा किंवा ताई), लहान असेल तर ‘नॉंग’, वयस्कर बाई ‘पा’, वयस्कर गृहस्थ ‘लुंग’. वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्रप’ आणि बायकांनी ‘ख’ जोडायचं. एवढ्याने समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

उच्चारांत मराठी माणसाला एक फायदा आहे. क आणि ख, प आणि फ, त आणि थ हे फरक आपल्या जिभेवर तयार असतात, आणि थाईला नेमके तेच लागतात. इंग्रजी अक्षरांवरून वाचाल तर फसाल. ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खाय’ म्हणजे अंडं. फक्त अंडं खाणाऱ्यांनी या एका अक्षराकडे नीट लक्ष द्यावं. सूर चुकले तरी बोट दाखवल्याने निभावतं.

दोन पदार्थ हवे असतील तर ‘सॉंग यांग’. जास्त भूक असेल तर ‘फिसेत’. १० बाटच्या आसपास जादा पडतात आणि ताट भरून येतं. थाई ताट आपल्या मानाने लहानच असतं, त्यामुळे फिसेत म्हणायला लाजू नका.

तिखटाबद्दल दोन शब्द. कोल्हापूर-नागपूरचे वीर इथे हमखास आडवे होतात. आपलं तिखट बहुधा सुकी मिरची तेलात परतून येतं; इथे बारकी हिरवी-लाल मिरची कच्ची ठेचून येते आणि सरळ जिभेवर बसते. पहिल्या खेपेला ‘फेत नॉय’ (थोडंसं तिखट) म्हणा. मुलांसाठी ‘माय फेत’. सॉम तम घेताना मिरच्या मोजून सांगता येतात: ‘फ्रिक मेत दियाव’, एकच मिरची. तरी तोंड पोळलंच तर पाणी पिऊ नका, त्याने आग पसरते. भात, बाजूला दिलेली काकडी किंवा कच्ची कोबी चावा, नाहीतर छा येन मागवा. हा नारिंगी रंगाचा, कंडेन्स्ड मिल्क घातलेला गार चहा उपयोगी पडतो तो त्यातल्या दुधामुळे.

ताट समोर आल्यावर

चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. काट्याने चमच्यावर ढकलायचं आणि चमच्याने खायचं. काटा तोंडात घालत नाहीत. सुरी नसते, कारण सगळं आधीच चिरलेलं असतं. चॉपस्टिक्स फक्त नूडल्सबरोबर. भाताच्या ताटाला त्या मागितल्यात तर देतील, पण हसतील.

टेबलावर चार बरण्यांचा स्टँड असतो: साखर, सुक्या मिरचीचा चुरा, मिरची घातलेलं नाम प्ला आणि मिरची घातलेला व्हिनेगर. तो मुख्यतः नूडल्ससाठी असतो. आधी चव घ्या, मग घाला. रश्शात साखर घालणारे बघून दचकू नका. ती तुमचाही रस्सा सुधारू शकते. चिमूटभर घालून बघा. शाकाहाऱ्यांनी तिसरी बरणी टाळावी.

टॉम यमसारख्या रश्शात गवती चहाच्या कांड्या, कुलिंजनाच्या चकत्या आणि लिंबाची जाड पानं असतात. आमटीतल्या कढीपत्त्यासारखी ती बाजूला काढायची. चावत बसलात तर जबडा दुखेल.

चौघं-पाच जण असाल आणि ताम संगवाल्याकडे बसलात, तर प्रत्येकाने आपापलं ताट मागवण्यापेक्षा भात वेगळा आणि चार पदार्थ मध्ये घ्या. एक रस्सा, एक परतलेली भाजी, एक आंबट काहीतरी, एक अंड्याचं. पदार्थ होतील तसे येतात, एकदम येत नाहीत. सगळं यायची वाट बघाल तर पहिलं गार होईल. आपल्या भातावर एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे घ्यायचे. सगळं एकदम वाढून घेणं हावरटपणाचं दिसतं.

पाण्याचा जग कोपऱ्यात असतो, बऱ्याच ठिकाणी स्वतःच घ्यायचं असतं. बर्फाची भीती बाळगू नका. मध्ये भोक असलेले नळीसारखे तुकडे कारखान्यातून येतात. फोडलेल्या लादीचा बर्फ असेल तर मी बंद बाटली घेते.

बिल आणि पिशवी

‘केप तंग’ किंवा ‘छेक बिन’ म्हणा. ट्रेच्या दुकानात बिल बहुधा कागदावर नसतंच. मालकीण ताटाकडे बघून आकडा सांगते आणि तो चुकत नाही. भिंतीवर क्यूआर कोड दिसेल, पण ती सोय मुख्यतः थाई बँकखात्यांसाठी आहे. २०, ५० आणि १०० च्या नोटा जवळ ठेवा. ५० बाटच्या जेवणाला १००० ची नोट काढलीत तर मालकीण शेजाऱ्यांकडे सुटे मागत फिरेल. टिप अपेक्षित नसते. सुटी नाणी ठेवलीत तर ठेवलीत.

शाकाहाऱ्यांनी निघण्यापूर्वी रात्रीची सोय करून घ्यावी, कारण तोवर चेचं दुकान बंद झालेलं असतं. आवडलेल्या पदार्थाकडे बोट दाखवून ‘साय थुंग’ म्हणा, म्हणजे पिशवीत घाला. पारदर्शक पिशवीत रस्सा ओतून, तोंडाशी हवा कोंडून, रबराने अशी गाठ मारतात की पिशवी फुगून टम्म होते आणि थेंब सांडत नाही. भाताची पिशवी वेगळी. नारळाच्या दुधाचा रस्सा उकाड्यात लवकर विटतो, तेव्हा हॉटेलच्या खोलीत फ्रिज असेल तरच तो घ्या. नाहीतर परतलेला टोफू आणि भात न्या.